पाच इंच खाली : १९९८च्या एका जिप्सीची उस्तवार

जुलै २०२२मधला रविवार. मुळशीतल्या एका पाणंदीत माझ्या मामेभावाची मारुती जिप्सी डाव्या कुशीवर कलून बांधाला टेकली होती. उलटली नव्हती, बांधाच्या दगडांनी झेललं होतं, एवढंच. मागचं उजवं चाक वीतभर वर गरागरा फिरत होतं, भाऊ स्टेअरिंगला लटकल्यासारखा बसला होता आणि मी खालून "हलू नकोस" एवढंच ओरडत होतो. खालच्या खाचरात आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालली होती. तिथून तात्या वर आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "गाडी झ्याक हाय, पर डोक्यावर पाटी घेतल्यावानी चालतीय. पाय निसटला की पाटी आधी जाती."

एक ट्रॅक्टर, सात माणसं आणि अडीच तास गेले. नंतरच्या दहा महिन्यांत आम्ही पान्हे घेऊन जे काही केलं, ते ती पाटी उतरवायचंच काम होतं.

वाट

आधी वाट सांगतो, कारण तिच्याशिवाय गाडीबद्दल बोलण्यात अर्थ नाही. डांबर संपतं तिथून भावाच्या घरापर्यंत सव्वातीन किलोमीटर. पहिला किलोमीटर मुरमाचा चढ, पावसाच्या पाण्यानं मधोमध चर पाडलेला. मग पाणंद: दोन्हीकडं दगडी बांध, रुंदी कुठं सात फूट तर कुठं जेमतेम साडेसहा, खाली ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या आणि त्यांत आषाढभर चिखल. मग गोट्यांचा ओढा. शेवटी काळ्या कातळाचा दीडशे फुटांचा पट्टा. तिथं चढ फारसा नाही, पण आडवा उतार भलता आहे, आणि श्रावणात वर शेवाळ. पलीकडं मामाचं जुनं घर, दोन एकर भात आणि भावानं नव्यानं लावलेली हळद.

म्हणजे घरची वाटच आमचा ट्रेल. रविवारी मित्रांच्या गाड्या येतात त्याही याच वाटेनं आणि पुढं गावाच्या गायरानापर्यंत, गावाला विचारून. ताम्हिणीकडं अभयारण्य आहे. तिथं गाडी घालायचा विषयच निघत नाही. आणि आवणीच्या दिवसांत खाचराच्या बांधावर चाक चढवायचं नाही हा तात्यांचा कायदा आहे, तो कुठल्याही सरकारी कायद्याइतकाच कडक.

गाडी, जशी मिळाली

सप्टेंबर १९९८ची जिप्सी किंग, सॉफ्ट टॉप, १२९८ सीसीचं कार्ब्युरेटरवालं इंजिन, साठेक अश्वशक्ती, पाच गिअर. जिप्सी आपल्याकडं डिसेंबर १९८५मध्ये आली ती हजार सीसीच्या आतलं इंजिन आणि चार गिअर घेऊन. मधे डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर १२१०वरून १३०० मिलिमीटर झालं, १९९६ला किंग आली, २००० साली इंजेक्शनवालं इंजिन बसलं, आणि २०१९मध्ये गाडी बंद झाली. या सगळ्या काळात मूळ सांगाडा तोच राहिला: शिडीसारखी चासी, पुढं-मागं सलग हौजिंग (आतून आस जातो ते पोलादी कवच), चारही बाजूंना पाटे (पोलादी पट्ट्यांच्या कमानी) आणि गिअरबॉक्सपासून वेगळा बसवलेला ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी. सॉफ्ट टॉपचं वजन हजार किलोच्या आतबाहेर. लष्करानं आणि पोलिसांनी ही गाडी इतकी वापरली आहे की लिलावातल्या आणि भंगारातल्या सुट्या भागांचा तोटा आजही नाही. जुनी फोर बाय फोर घेताना माझ्या लेखी हा पहिला निकष. पार्टच मिळत नसेल तर ती गाडी शोभेची.

भावानं ती २०२१च्या दिवाळीत "ऑफ-रोडसाठी तयार" म्हणून घेतली. तयारी अशी: पाटे हौजिंगच्या खालून काढून वर बसवलेले (मूळ गाडीत ते खाली असतात), त्यानं बॉडी साधारण १२५ मिलिमीटर उंच झालेली. त्यावर ३१ इंची, साडेदहा इंच रुंद मड टायर आणि बाहेर काढलेल्या रिम. पुढं जाड पाइपाचा बुलबार, छतावर लोखंडी कॅरिअर, कॅरिअरवर दुसरी स्टेपनी. एलईडीची पट्टीसुद्धा होती. तिच्याबद्दल काही म्हणत नाही.

फोटोत गाडी वाघासारखी दिसायची. ५५च्या वेगाला मात्र स्टेअरिंग असं थडथडायचं की भाऊ दोन्ही हातांनी ते धरून गाडी कडेला घ्यायचा. त्याच्या बायकोनं त्या गाडीत बसणं सोडलं होतं. त्यातून स्पीडोमीटर खोटा: मूळ २०५/७० आर १५ टायरचा व्यास ६६८ मिलिमीटर, याचा ७८७. काटा ५५ दाखवी तेव्हा गाडी ६५नं पळत असे.

जॅकवर

ऑक्टोबरात, भात काढणीच्या आधी, गाडी माझ्या शेडमध्ये आणली. मी गॅरेज चालवत नाही. पंचवीस वर्षं स्वतःची जिप्सी स्वतःच्या हातानं सांभाळतोय, तेवढाच अधिकार. सोबतीला उस्ताद होते. ते पूर्वी जिप्स्याच करायचे, आता गुडघ्यांमुळं स्टुलावर बसून सूचना करतात.

चारही चाकं वर घेतली आणि पहिल्यांदा मागच्या डिफ्रन्शिअलचा (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरच्या गोळ्याचा) ड्रेन बोल्ट सोडला. घमेल्यात तेल आलं ते टपरीवरच्या दुधाळ चहासारखं. उस्तादांनी बोट बुडवून वास घेतला आणि म्हणाले, "ओढा पिऊन आलीये."

हे होतं कसं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. चालून चालून हौजिंग गरम होतं, आतली हवा फुगते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवेसाठी ठेवलेल्या छोट्या भोकातून, बाहेर जाते. तसंच तापलेलं हौजिंग ओढ्याच्या गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घ्यायला बघते. ब्रीदरची टोपी मातीनं बुजलेली असेल तर ऑइल सीलच्या ओठातून पाणी आत येतं. बेअरिंग आणि क्राउन-पिनियनचे गिअर त्या चहात महिनोन्महिने फिरत राहतात आणि एक दिवस आवाज करू लागतात. उपाय हास्यास्पद वाटावा इतका स्वस्त: ब्रीदरच्या जागी निपल, त्यावर पेट्रोलचा साधा पाइप, पाइपाचं दुसरं टोक पुढच्या हौजिंगचं इंजिनच्या खोलीत उंच आणि मागच्याचं टेल लॅम्पच्या मागं. साडेचारशे रुपये. ज्यानं गाडीवर लाखभर रुपये उंचीसाठी घातले त्याला हे साडेचारशे सुचले नव्हते.

बाकी यादीही तशीच. पुढचे ब्रेकचे होज चाक पूर्ण लोंबलं की तारेसारखे ताणले जात होते. मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या हौजिंगकडं जोर नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसमध्ये, म्हणजे सांध्यात, खेळ. स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडं जाणारी ड्रॅग लिंक बॉडी उंचावल्यामुळं इतकी तिरकी झाली होती की खड्ड्यात चाक खालीवर झालं की स्टेअरिंग आपोआप वळे. वेल्डिंगनं बसवलेल्या पाट्यांच्या बैठकांपैकी मागच्या डावीला केसासारखी चीर. चासी मात्र सुदैवानं धड. हातोडीनं ठोकत गेलो, मागच्या शॅकलच्या (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या पट्टीच्या) हँगरपाशी एका जागी आवाज बद्द आला, तिथं टेस्टर घुसला. तेवढा तुकडा कापून नवा पत्रा जोडला.

थडथडण्याचं मूळ किंगपिनमध्ये सापडलं. जिप्सीच्या पुढच्या प्रत्येक नकलमध्ये, म्हणजे चाक वळतं त्या सांध्यात, वर एक, खाली एक असे दोन किंगपिन बेअरिंग असतात, आणि पिनखालच्या पातळ चकत्यांनी, शिमांनी, त्यांचा कस, म्हणजे घट्टपणा, ठरतो. कस किती आहे ते मोजायला महागडं यंत्र लागत नाही. टायरॉड (दोन्ही नकल जोडणारा दांडा) सोडवायचा, नकलचं सील सैल करायचं, नकलच्या हाताच्या भोकात स्प्रिंगच्या काट्याचा आकडा अडकवायचा आणि ओढायचं. एक ते पावणेदोन किलोच्या दरम्यान नकल हलू लागली पाहिजे. आम्ही रद्दीवाल्याकडून काटा आणला. डावीकडं आकडा अडकवला, आणि काट्याची सुई जागची हलायच्या आत नकल गर्रकन फिरली. कस शून्य. बेअरिंग काढलं तर वाटीत रोलरचे ठसे, नखाला लागावेत असे. आधीच्या मालकानं यावर इलाज म्हणून एक जाडजूड स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे धक्के शोषणारा दट्ट्या) लावला होता. म्हणजे दात दुखतोय म्हणून गालाला फडकं.

चार बेअरिंग, दोन्ही नकलची सील, नवं ग्रीस. एकेक शिम काढत गेलो. डावीकडं १.४ किलो आलं. उजवीकडं २.३, म्हणजे फार घट्ट. एक शिम परत घातली, १.६. एक दुपार गेली, साडेचार हजार रुपये गेले आणि स्टेअरिंगचं थडथडणं कायमचं गेलं. अजून टायर तेच होते, उंची तीच होती, तरीही.

वाद

इथं भावाचं आणि माझं वाजलं. त्याच्याकडं दीड लाख होते आणि त्यात त्याला मागचा लॉकर (डिफ्रन्शिअलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी गुंडाळी) हवं होतं. "दादा, उंची असू दे ना. एवढी मेहनत कुणीतरी केलीय. लॉकर टाकला की चाक हवेत गेलं तरी गाडी निघेल."

त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. जिप्सीचे दोन्ही डिफ्रन्शिअल मोकळे. ज्या चाकाला पकड नाही तेच फिरतं. पण चाक हवेत जातंच का, आणि गाडी बांधावर का कलली, हा माझा प्रश्न होता. मी वहीत त्याला आकृती काढून दाखवली. समजा मूळ गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे. चाकांतल्या अंतराचं निम्मंही ६५ सेंटिमीटर. म्हणजे कागदावर उभी गाडी ४५ अंशांपर्यंत कलून तग धरते. पाट्यांनी बॉडी साडेबारा सेंटिमीटर उचलली, टायरनं अख्खी गाडी आणखी सहा; हौजिंग आणि चाकं पाट्यांबरोबर वर जात नाहीत म्हणून गुरुत्वमध्य धरू या १६नं वर, ८१ला. आता तोच कोन ३९च्या जवळ. रुंद रिम एखाद-दुसरा अंश परत देतात, छतावरची स्टेपनी तो लगेच काढून घेते. आणि चालत्या गाडीत, चाक खड्ड्यात आदळताना, पाट्यावर बॉडी डुलताना हातात राहतं ते याच्या कितीतरी आत. आमच्या कातळाचा आडवा उतार भावानं मोबाइलवर मोजला होता: २२ अंश. त्या दिवशी पाणंदीत उजवं चाक उंच गोट्यावर चढलं आणि डावं चाकोरीत गेलं, तेव्हा कल किती झाला असेल ते बांधालाच माहीत.

दुसरी गोष्ट, गिअरिंग. लो रेंजचं, म्हणजे ट्रान्सफर केसमधल्या हळू पण जोरदार गिअरचं, गुणोत्तर २.२६८, पहिला गिअर आणि मागचं डिफ्रन्शिअल धरून सगळं मिळून तिशीच्या थोडं पुढं जातं. साठ अश्वशक्तीच्या इंजिनाला हेच काय ते भांडवल. मोठ्या टायरनं त्यातले १५ टक्के खाल्ले होते. म्हणून भाऊ मुरमाच्या चढावर क्लच जाळत होता. शिवाय पाटे हौजिंगच्या वर असले की लोमध्ये जोर देताच हौजिंग स्वतःच फिरायला बघतं, पाटे लाटेसारखे वळतात आणि सुटले की फटका क्रॉसवर बसतो. लॉकर टाकला असता तर तो फटका वाढलाच असता.

तिसरी गोष्ट चिखलाची, आणि इथं मी जरा हट्टी आहे. आमच्या पाणंदीतला चिखल बिनबुडाचा नाही. ढोपराएवढा दिसतो, पण खाली मुरूम आहे. अशा चिखलात अरुंद टायर चिरत तळाला जातो आणि पकडतो. साडेदहा इंची टायर वर तरंगतो, त्याच्या खाचा चिकणमातीनं भरून गुळगुळीत होतात, आणि थोडा जरी आडवा उतार असला तरी गाडी खेकड्यासारखी सरकते. भर म्हणून त्या रुंद रिममुळं एक चाक चाकोरीत आणि दुसरं मधल्या उंचवट्यावर, असं व्हायचं. खाडीच्या किंवा धरणाच्या गाळात गणित उलटं असेल, ते मी मान्य करतो. पण आपल्याला गाळात जायचं नाही, घरी जायचंय.

वाद मिटला तो गणितानं नाही. गाडीच्या नोंदणीची मुदत सप्टेंबर २०२३ला संपत होती. पंधरा वर्षांची झाल्यावर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२पासून त्याची फी ६००वरून ५,००० रुपये झाली होती, वर पर्यावरण कर. पासिंगला ही गाडी अशी नेणं म्हणजे आपणहून मान पुढं करणं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणं गाडीत मनाजोगते फेरबदल करता येत नाहीत, आणि बुलबार काढण्याचा केंद्राचा आदेश तर डिसेंबर २०१७चा. भावानं वही मिटली आणि म्हणाला, "ठीक आहे दादा, उतरव."

उतरवणं

चढवण्यापेक्षा उतरवणं महाग पडतं. बैठका कापून काढताना हौजिंग तापतं आणि वाकतं. वाकलं की बेअरिंग आणि सील खातं. उस्तादांनी कापायलाच नकार दिला. "चिरलेलं हौजिंग घासण्यापेक्षा दुसरं शोधा." मागचं हौजिंग लिलावातल्या लष्करी गाडीचं मिळालं, वरचा हिरवा रंग शाबूत असलेलं. पुढचं भंगारातून, दोन फेऱ्यांनी. नवे पाटे, शॅकल, बुश, यू-बोल्ट पुण्यातल्या नाना पेठेतून.

पाट्यांबद्दल सांगायला हवं. जुन्याच पाट्यांना कमानवाल्याकडून बाक देऊन घेणं स्वस्त पडतं, पण तापवून पुन्हा नीट पाणी दिलेलं नसेल तर दोन पावसाळ्यांत ते बसतात. लांब शॅकल हा आणखी स्वस्त मार्ग. जिप्सीत पुढचा शॅकल लांब केला की कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा पुढं-मागं कल, बदलतो आणि वळल्यावर स्टेअरिंग परत सरळ यायला कुरकुरतं. आम्ही नवे पाटे मूळ जागी, म्हणजे हौजिंगखाली घेतले, फक्त बाक थोडा जास्त, ४० मिलिमीटर उंची देणारा. टायर २१५/७५ आर १५, ऑल-टेरेन, मूळ साडेपाच इंची रिमवर. त्याचा व्यास ७०३ मिलिमीटर, म्हणजे आसाची उंची मूळपेक्षा १८नं जास्त. बेरीज ५८. आधी ती १८५ होती. बरोबर पाच इंच गाडी खाली आली.

यात काय गमावलं तेही सांगतो. डिफ्रन्शिअलखालची जागा फक्त टायरनं मिळते, आणि तिथं चार सेंटिमीटर गेले. पाटे आणि यू-बोल्टच्या पट्ट्या आता हौजिंगखाली लोंबतात, त्या गोट्यांना घासतात. ओढ्यातला एक मोठा धोंडा भावाला आधी मधोमध घेता यायचा, आता चाकाखाली घ्यावा लागतो. ३१ इंची टायर-रिम विकून २६ हजार परत आले. विकण्यापूर्वी रद्दीवाल्याच्या मोठ्या काट्यावर एक चाक ठेवलं: ३३ किलो. नवं २१. चार चाकांचे ४८ किलो, शिवाय स्टेपनी छतावरून मागच्या दारावर आली आणि कॅरिअर गेलं. पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाडीत याचा पहिला फायदा मनगटांना कळला.

माझी चूक

फेब्रुवारीत गाडी जुळून उभी राहिली. भाऊ मागं खताची पोती नेतो, म्हणून मी मागं एकेक पाटा जास्तीचा टाकायला लावला. उस्ताद म्हणाले, "साहेब, रिकामी कधी चालवणार?" मी ऐकलं नाही.

मार्चमध्ये कोरड्या कातळावर चाचणी घेतली. तिथल्या आडव्या उतारावर गाडी थांबली. कलली नाही, मजेत उभी होती, पण मागचं उजवं चाक पुन्हा हवेत. पाटा इतका ताठ की रिकाम्या गाडीच्या वजनाला तो वाकेना आणि चाक खाली लोंबेना. मी गाडीखाली आडवा पडून पाहिलं: उजवीकडच्या पाट्यांची थप्पी जवळपास जशीच्या तशी, शॅकल जागचा हललेलाच नाही. सव्वा हजार खर्चून मी स्वतः हा प्रश्न निर्माण केला होता. जास्तीचा पाटा काढला, शॅकलचे बुश ज्या ताकदीनं आवळले होते ते सैल करून गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळले. (जॅकवर आवळले की रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं.) चाक खाली यायला लागलं. तरी गोट्यावर अजून चार बोटं उचलतं. तिथं डाव्या पायानं ब्रेक हलका धरून उजव्यानं जेमतेम रेस दिली की फिरणाऱ्या चाकाला थोडा अडथळा होतो आणि दुसऱ्या चाकाला जोर पोचतो. दहातून सात वेळा गाडी निघते. उरलेल्या तीन वेळा खाली उतरून चाकाखाली दगड लावायचा. लॉकरचे पैसे त्या दगडावर वाचले.

हवेचंही प्रयोग करूनच ठरलं. रस्त्यावर २६ पीएसआय, पाणंदीच्या तोंडाशी १८. कातळावर १५नं आणखी मऊ चालते, पण या जुन्या रिमवर ट्यूब आहे. त्याखाली गेलो तेव्हा टायर रिमवर सरकला आणि ट्यूबचं नोझल मुळापासून फाटलं. त्यामुळं १५ ही आमची लक्ष्मणरेषा. हवा भरायला बॅटरीवरचा छोटा पंप. चार चाकांना वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात तात्यांकडं चहा होतो.

पेट्रोल आणि पाणी

कार्ब्युरेटरवाल्या जिप्सीचं दुखणं म्हणजे खड्या चढावर फ्लोटच्या कोठीतलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि इंजिन गुदमरतं. फ्लोटची पातळी नेमकी केली, आयडल थोडं वर घेतलं, बरंच सुधारलं. पूर्ण गेलं नाही, जाणारही नाही. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप मात्र बदलले. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं जुनी रबरं मऊ पडतात, आणि एक पाइप चिमटीत धरला तर काळं बोटाला लागलं. इंजिनाच्या डोक्यावर असा पाइप गळणं परवडत नाही. गाडी पावसाळ्यानंतर महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवायची, रिकाम्या टाकीत दमट हवा साचते.

स्नॉर्केल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) भावाला फार हवं होतं. ओढ्याला पाणी डिस्ट्रिब्युटरपर्यंत (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डबीपर्यंत) चढेल त्या दिवशी घरी जायचं नाही, अलीकडं तात्यांकडं मुक्काम करायचा, असं ठरलं. त्याऐवजी डिस्ट्रिब्युटरच्या टोपीची नवी सील, प्लगच्या नव्या वायरी, आणि रेडिएटर उघडून साफ. जाळीत चिखल बसून वाळला होता; लो गिअरमध्ये तापमानाचा काटा वर चढायचा तो यामुळं.

ओढून काढायचं सामान थोडकंच ठेवलं: पुढच्या मूळ हुकांचे बोल्ट नवे, मागं चासीला धरलेला एक हुक, ताणली जाणारी एक रस्सी, ती अडकवायला दोन शॅकल (पाट्यांचे नव्हेत, पोलादी कड्या), फावडं. टोचन बंपरला बांधायचं नाही, आणि रस्सी ताणलेली असताना आजूबाजूला कुणी उभं राहायचं नाही. गावातली पोरं बघायला जमतात, त्यांना आधी बांधापलीकडं पाठवायचं.

सगळा खर्च १ लाख ३१ हजार, टायरचे आलेले पैसे वजा करून १ लाख ५ हजार. निम्म्याहून जास्त हौजिंग, पाटे आणि टायरवर. उस्तादांनी स्वतःच्या सूचनांचे पैसे घेतले नाहीत. गुडघ्यांना लावायला तेल मागितलं.

पुढचा पावसाळा

जून २०२३मध्ये पाच दारांची जिम्नी बाजारात आली आणि आमच्या रविवारच्या मंडळींत दुसरं बोलणं उरलं नाही. भाऊही एकदा शोरूमला जाऊन आला. मी काही बोललो नाही.

जुलैत पुन्हा त्याच पाणंदीत गेलो, पाऊस मणामणानं पडत होता. चाकं चाकोरीत बसली ती बसलीच. गाडी जणू रुळांवर. जिथं वर्षापूर्वी बांधाला टेकलो होतो तिथं ती डावीकडं झुकली, माझ्या पोटात गोळा आला, आणि ती तशीच झुकलेली पुढं सरकत गेली. बांधाच्या दगडावर जुन्या बुलबारचा काळा ओरखडा अजून होता. ओढ्यात यू-बोल्टची पट्टी एका गोट्यावर खरवडली. कातळावर दोनदा दगड लावावा लागला. घरी पोचायला सव्वातीन किलोमीटरला बावन्न मिनिटं.

सप्टेंबरात पासिंग झालं. गाडी पाहणाऱ्या साहेबांनी खाली वाकून बघितलं, पाटे मूळ जागी आहेत का विचारलं, ब्रेक पाहिले, दिवे पाहिले. वहिनी आता गाडीत बसतात, पण कातळाच्या अलीकडं उतरतात आणि चालत येतात.

तात्यांनी गाडी उतरवल्याचं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बॉनेटवर थाप मारली आणि विचारलं, "ह्ये आधीच का न्हाई केलं?" भाऊ माझ्याकडं बघत म्हणाला, "दादाला विचारलं नव्हतं." मग तात्यांनी मागं भाताच्या रोपांच्या सहा मुठी आणि एक करडू चढवलं, स्वतः पुढं बसले. मी मागं, करडासोबत.

सध्या मागच्या उजव्या चाकाच्या हबमधून तेल पाझरतंय. लष्करी हौजिंगमधलं जुनं सील असणार, तेव्हाच बदलायला हवं होतं. नवं आणून डॅशबोर्डवर ठेवलंय. भात काढून झालं की बघू.